बेडकीला शेक

अहिल्याबाईंना गाडीतलं काही कळत नाही, हे त्र्यंबकने त्यांच्या तोंडावर सांगितलं, आणि तेही त्यांच्याच हातचं थालीपीठ खाताना. माणसाने निदान तोंडातला घास तरी गिळावा. अहिल्याबाईंकडून त्याच्या ताटात लोण्याचा दुसरा गोळा पडला नाही, एवढंच. समजणाऱ्याला तेवढं पुरतं, पण इंजिनीयर माणसाला असल्या गोष्टी समजत नाहीत. तो लोण्यासाठी ताट पुढे करून बसून राहिला.

गाडी परीक्षितची. परीक्षित म्हणजे अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात राहणारा. नोकरी मोटारींच्या कंपनीत. तिथे तो ब्रेकचं काहीतरी करायचा, पण कॉम्प्युटरवर. प्रत्यक्ष ब्रेकला त्याचा हात लागलेला कुणी पाहिला नव्हता. त्र्यंबक त्याचा मित्र, शेजारच्या टेबलावर बसून इंजिनाचं काहीतरी करणारा, तोही कॉम्प्युटरवरच. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात या दोघांना खऱ्याखुऱ्या लोखंडाला हात लावायची हौस आली आणि त्यांनी सदतीस वर्षांची एक विलायती मोटार आणून परीक्षितच्या गॅरेजात उभी केली.

हिरवी, बुटकी, आणि पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. अहिल्याबाई पाहताक्षणी तिला ‘बेडकी’ म्हणाल्या आणि ते नाव चिकटलं. छप्पर कापडाचं, वाटलं तर काढून ठेवायचं. आणि सीटा दोनच. मागे बसायला जागा नाहीच, मागे नुसती एक पिशवी मावेल एवढी खबदाड.

“आई, ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते,” परीक्षित म्हणाला. “नजर पोचेल तिथपर्यंत गाड्या. आपण बेडकी घेऊन जायचं. तू माझ्या शेजारी.”

शेजारी, म्हणजे पुढे. हे ऐकून अहिल्याबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली. त्याचं कारण असं की त्यांचा सगळा संसार स्कूटरच्या मागे एका बाजूला पाय सोडून झाला होता. मिरजेत दिरांनी मोटार घेतली, तेव्हा पुढे सासरे. सासरे गेल्यावर पुढे दिरांचा मुलगा, कारण त्याला गाडी लागायची. अहिल्याबाईंनाही लागायची, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकेत ही त्यांची तिसरी खेप आणि तिन्ही खेपांना जागा तीच, व्हॅनच्या मागच्या बाकावर, नातीच्या खुर्चीला खेटून. आन्या वाटभर बिस्किटं खायची आणि चुरा आजीच्या मांडीवर पाडायची. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून जेवढी दिसेल तेवढी अमेरिका. नायगारा जवळ आल्याचं त्यांनी त्या फटीतूनच पाहिलं होतं. तक्रार त्यांनी कधी केली नाही. तक्रार करायची म्हणजे मागायचं, आणि मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आता न मागता मिळत होतं, म्हणून त्यांनी त्याच दिवशी मिरजेला धाकट्या बहिणीला, वसुधेला, फोन लावला.

“छप्पर उघडं असतं. आणि मी पुढे बसणार. नाही गं, मागे कोण नाही. मागे काही नाहीच.”

वसुधेने ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितली असणार, आणि ती तशी सांगेल म्हणूनच तिला फोन केला होता.

सुनेत्राची, म्हणजे सुनेची, अट मात्र स्वच्छ होती. “जत्रेपर्यंत धावली तर राहू दे. नाही धावली तर विकायची. मागच्या थंडीत मी रोज सकाळी माझी गाडी बर्फातून उकरून काढलीये. यंदा गॅरेज मला पाहिजे.” अहिल्याबाईंना हे पटलं, म्हणून त्या गप्प बसल्या. पटलेल्या गोष्टीला त्या ‘बरोबर आहे’ असं म्हणत नसत. सुनेला तर नाहीच.

आता बेडकीचं दुखणं. तिच्या इंजिनाला कार्बुरेटर दोन. कार्बुरेटर म्हणजे काय, हे परीक्षितने आईला ओट्याजवळ उभं राहून समजावलं, हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणारं भांडं. एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे आणि सारखंच पेट्रोल भरवलं पाहिजे, नाहीतर इंजिन कुरकुरतं आणि बंद पडतं. प्रत्येक भांड्यात एक दट्ट्या, तो हवेबरोबर वर उठतो, खाली बसतो. तो उड्या मारू नये म्हणून त्याच्या डोक्यावरच्या नळीत थोडं पातळ तेल घालायचं आणि वरून पितळी झाकण फिरवायचं. मग रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी धरायचं आणि हवेचा फुस्सकारा ऐकायचा. दोन्हींचा आवाज सारखा झाला की झालं.

“आणि हे तुम्ही ऑफिसात कॉम्प्युटरवर करता?”

“आम्ही हे करत नाही. आता अशी इंजिनं नसतात.”

“मग तुम्हाला हे येतं असं कुणी सांगितलं?” अहिल्याबाईंनी विचारलं. कुणी सांगितलं नव्हतं.

जुलैतल्या एका शनिवारी दोघांनी तेल घातलं, झाकणं फिरवली आणि नळी कानाला लावली. परीक्षितला दोन्ही आवाज सारखे वाटले. त्र्यंबकलाही सारखेच वाटले, पण इंजिनाला ते पटेना, ते खोकत राहिलं. मग त्र्यंबकने लॅपटॉप आणला, त्याला माइक जोडला, पडद्यावर डोंगर आणि दऱ्या उमटल्या. संध्याकाळपर्यंत दोघे त्या डोंगरांकडे बघत बसले.

अहिल्याबाईंना राहवेना. शाळा चौथीपर्यंतच, पण कान मिरजेचा होता. लग्न होऊन आल्या त्या घरासमोर तंबोरे बनवणाऱ्यांचं दुकान. दिवसभर तारा पिळणं, छेडणं, पुन्हा पिळणं. भाकऱ्या थापता थापता त्यांना आतून कळायचं की तिसरी तार उतरलीये. कधीकधी त्या खिडकीतून तसं ओरडूनही सांगायच्या, आणि दुकानाचा मालक खिडकी बंद करून घ्यायचा, कारण त्यांचं बरोबर असायचं.

“आण ती नळी,” त्या म्हणाल्या. पदर कानामागे खोचला, नळी लावली. पुढचा ऐकला, मागचा ऐकला. पुन्हा पुढचा. “मागचा उतरलाय. चढव जरा. फार झालं. हं, अर्धा मागे ये. अजून किंचित. थांब.”

इंजिन एकाएकी असं चालू लागलं की चालू आहे की नाही हे बघायला परीक्षित वाकला. पडद्यावरचे डोंगर सपाट झाले. त्र्यंबक म्हणाला, “योगायोग आहे.” त्याने ते हळू म्हटलं, पण मिरजेच्या कानाला ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडकी फाटकापर्यंतही गेली नाही. दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि बसली. आणि मग ते थालीपीठ, आणि त्र्यंबकचं ते वाक्य. “काकू, कानावर ट्यून करायला हा काय तंबोरा आहे का? तुम्हाला गाडीतलं काही कळत नाही.”

तेव्हापासून एक चमत्कारिक क्रम सुरू झाला. संध्याकाळी ऑफिसातून येऊन दोघांनी इंजिन तापवायचं, स्क्रू फिरवायचे, अहिल्याबाईंनी नाक मुरडत कान लावायचा, सगळं जुळायचं. सकाळी पुन्हा रडगाणं. सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या घरातले हॅरल्ड, वय ऐंशीच्या पुढे, अंगावर बारा महिने तीच खाकी अर्धी चड्डी, रोज येऊन पेट्रोल शिळं आहे असं सांगायचे. ते इंग्रजीत बोलायचे, अहिल्याबाई मराठीत, आणि दोघांचं छान जमायचं, कारण दोघांनाही समोरच्याचं ऐकून घ्यायची गरज नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत एकाने प्लग बदला सांगितलं, दुसऱ्याने वायरी. तिसऱ्याने गाडीच बदला म्हणून सांगितलं आणि आपल्या ओळखीचा विक्रेताही सुचवला. एका काकूंनी लिंबू-मिरची बांधायला सांगितली. त्यांनाच ती ट्रॉयमध्ये कुठल्या दुकानात स्वस्त मिळते तेही ठाऊक होतं.

त्यात असोसिएशनच्या बाई आल्या. या वसाहतीत घराचा रंग कुठला असावा, गवत किती वाढावं, हे ठरवणारी एक असोसिएशन होती, आणि तिचा नियम असा की मोडकी गाडी रस्त्यावरून दिसता कामा नये. गॅरेजचं दार बंद करून इंजिन चालवावं तर धुराने माणसं गुदमरायची. अहिल्याबाईंनी उपाय काढला. आपलं जुनं नऊवारी, मोरपंखी, गॅरेजच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलं. वारा येत राहिला, गाडी दिसेनाशी झाली. बाई पुन्हा आल्या. आता नियम असा की रस्त्यावरून दिसेल असे कपडे वाळत घालायचे नाहीत.

“त्यांना सांग, वाळत नाही घातलं,” अहिल्याबाई म्हणाल्या. “गाडीला नेसवलंय.”

परीक्षितने याचं भाषांतर केलं नाही. शेवटी हॅरल्ड यांनी आपला लांबलचक ट्रक आडवा लावून दिला आणि लाज राखली.

याच सुमारास घरात दुसरं एक कोडं पडलं होतं. अहिल्याबाईंचं डोक्याचं खोबरेल मधूनच एकदम आटलं. मिरजेहून आणलेलं, घाण्याचं. ते त्या एका लांब चोचीच्या बाटलीत ठेवत, चोच भांगात नेमकी बसे म्हणून. बाथरूमच्या फडताळावर तेलकट वर्तुळं उठतात अशी सुनेत्राची कुरकुर झाल्यावर बाटली कपडे धुवायच्या खोलीत, शिवणयंत्राजवळ गेली होती. तिथून तेल कोण नेणार? घरात बायका दोन, आणि आन्या चार वर्षांची.

“तू घेतलंस का गं?”

“आई, मी पंधरा वर्षांत डोक्याला तेल लावलेलं नाही.”

“तेच म्हणते मी. कोरड्या डोक्याला एकदम जास्त लागतं.”

पिशवीतला मोठा डबा उघडून अहिल्याबाईंनी बाटली पुन्हा भरली आणि ती आता उशीजवळ ठेवू लागल्या.

पण बेडकीचं कोडं काही त्यांना झोपू देईना. म्हणजे झोप यायची, पण उठल्याबरोबर तेच डोक्यात. त्यांनी स्टूल घेतलं, चहा घेतला आणि गॅरेजात मुक्काम टाकला. सगळे कामावर गेलेले. बॉनेटखाली एका बाजूला लहानशी खुंटी होती, ती बोटाने उचलली की आतला दट्ट्या वर उठायचा आणि सोडली की टक्‌ करून खाली पडायचा. एवढं त्या पाहून पाहून शिकल्या होत्या. सकाळी पुढचा दट्ट्या टक्‌ करायचा, मागचा हलायचाच नाही. उन्हं गॅरेजात शिरली की मागचा जरा उठायचा, कण्हत. दुपारी जेवून येऊन पाहावं तर दोघेही टक्‌, टक्‌. आणि संध्याकाळी हे दोन पंडित येऊन इंजिन तापवणार, तेव्हा तो शहाण्यासारखा वागणार. हा सकाळीच का रुसतो? रात्रीत त्याला कोण काय सांगून जातं?

त्या वर्षी ऑगस्टातच गारठा पडला होता. स्टुलावरून उठताना अहिल्याबाईंचा डावा गुडघा कटकन वाजला आणि त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला.

संध्याकाळी त्यांनी निदान जाहीर केलं. “हिला माझ्यासारखं झालंय. सकाळी आखडते, दिवस चढला की मोकळी होते. शेक द्या.”

त्र्यंबक खो खो हसला. “काकू, लोखंडाला संधिवात होत नाही.”

“मग काय होतं ते तू सांग.”

त्याने बरंच काही सांगितलं, त्यातलं अर्धं इंग्रजीत. ते ऐकून बेडकी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आखडली.

जत्रेचा शनिवार उजाडला, तो असा थंड की गवतावर दव. अहिल्याबाई जांभळं इरकल नेसून, डोक्याला वाऱ्याचा रुमाल बांधून, चष्मा दोरीने गळ्यात अडकवून तयार. गॅरेजात सगळे जमले होते, हॅरल्डसुद्धा, हातात कॉफी घेऊन. परीक्षितने किल्ली फिरवली. आचका, काळा धूर, शांतता. पुन्हा आचका. त्र्यंबकने खुंटी उचलून पाहिली. मागचा दट्ट्या ढिम्म.

“अडकलाय,” तो म्हणाला. “आतली सुई वाकली असणार. पार्ट इंग्लंडहून मागवावा लागेल.”

परीक्षितने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाला, “जाऊ दे. निदान बघायला तरी जाऊ. मी व्हॅन काढतो. आई, तू आन्याशेजारी बस, मागे.”

सुनेत्राची नजर गॅरेजभर फिरली, माप घेतल्यासारखी, आणि अहिल्याबाईंना कळलं की तिच्या मनात बेडकीची जाहिरात लिहून झाली. त्यांच्या डोळ्यांसमोर वसुधा आली, फोनजवळ बसलेली. मग ती फट आली, दोन सीटांमधली.

त्या जागच्या हलल्या नाहीत. “मागच्याचं झाकण उघड.”

“काकू, तेल ठीक आहे. मी स्वतः पाहिलंय.”

“केव्हा?”

“काल संध्याकाळी.”

“आत्ता उघड.”

त्र्यंबकने पितळी झाकण फिरवलं आणि ओढलं. येईना. जोर लावून ओढलं, तेव्हा झाकणाखालच्या काडीला लगडून पांढरंशुभ्र काहीतरी वर आलं, घट्ट, मेणासारखं. त्र्यंबकचा चेहरा उतरला. “तेलात पाणी गेलंय. म्हणजे हे साधं दुखणं नाही. इंजिन खोलावं लागेल.” हॅरल्ड पुढे वाकले, त्यांनी हुंगलं आणि डोळे मिटून ते फ्लोरिडातल्या कुठल्याशा समुद्रकिनाऱ्याबद्दल बोलायला लागले.

अहिल्याबाईंनी बोट लावलं. दोन बोटांत चोळलं, ते विरघळलं. हुंगायची गरज नव्हती, पण त्यांनी हुंगलं. मग सावकाश विचारलं, “परीक्षिता, पुढच्यात कुठलं तेल घातलंस?”

“डब्यातलं.”

“आणि मागच्यात?”

“डबा संपला होता. पातळ तेल चालतं, म्हणून शिवणाच्या मशीनचं घातलं. धुवायच्या खोलीत बाटली होती ना, लांब चोचीची. लेबल होतं तिच्यावर.”

लेबल होतं, हे खरं. शिवणयंत्राच्या तेलाची ती बाटली रिकामी झाल्यावर अहिल्याबाईंनीच गरम पाण्याने खळबळून, उन्हात वाळवून खोबरेलासाठी घेतली होती. त्यांच्या घरात डब्यावर काय लिहिलंय आणि डब्यात काय आहे यांची कधी गाठ पडलेली नव्हती. बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता, जॅमच्या बरणीत मेतकूट. परीक्षित त्याच मिरजेच्या घरात लहानाचा मोठा झाला, पण अमेरिकेत राहून त्याला लेबलांवर विश्वास ठेवायची सवय लागली होती.

अहिल्याबाई सुनेकडे वळल्या. “मी म्हटलं नव्हतं, माझं तेल घरातलं कुणीतरी नेतंय?”

“तुम्ही माझं नाव घेतलं होतं, आई.”

“तू घरातलीच ना.” एवढं बोलून त्या थांबल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, “माझ्या खोलीत रबरी पिशवी आहे, गुडघ्याची. तूच भरून आण. या दोघांना पाणी किती गरम लागतं तेही कळायचं नाही.”

सुनेत्राने त्यांच्याकडे एक क्षण पाहिलं. ही माफी होती की हुकूम, ते तिने आपल्यापुरतं ठरवलं आणि हसू दाबत आत गेली.

पिशवी आली. अहिल्याबाईंनी ती मागच्या कार्बुरेटरभोवती गुंडाळली, वरून पंचा बांधला आणि दुखऱ्या गुडघ्यावर ठेवतात तसा हात ठेवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने परीक्षितने खुंटी उचलून सोडली. टक्‌.

“दुकान उघडलं की नीट तेल आणतो,” त्र्यंबक म्हणाला. “तोवर थांबू.”

“तोवर जत्रा उठेल. पुढच्यातलं तेल काढ. त्यालाही हेच घाल. दोन भावंडांना दोन ताटांत वेगवेगळं वाढलं तर भांडणारच.” उशीजवळची बाटली त्यांनी स्वतः आणली. आन्याच्या औषधाच्या पिचकारीने त्र्यंबकने पुढची नळी उपसली, तीत अहिल्याबाईंनी चोच घालून खोबरेल सोडलं, भांगात सोडतात तसं, बेताने. इंजिन सुरू झालं. नळी कानाला लागली. “मागचा किंचित चढव. हं. एक झाले.” लॅपटॉप त्र्यंबकने काढलाच नाही.

बाटलीच्या तळाशी थोडंसं उरलं होतं. ते त्यांनी तळहातावर घेतलं, रुमाल सोडून भांगावर चोळलं, रुमाल पुन्हा बांधला आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या. पट्टा लावून घेतला. तो पुढचा पट्टा कसा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी कुणाला विचारलं नाही.

वुडवर्डवर कडेला खुर्च्या टाकून लोक बसले होते. गाड्यांमागून गाड्या चालल्या होत्या, आणि त्यांत एक हिरवी बेडकी, छप्पर उघडं, न खोकता. रस्ता डोळ्यांसमोर इतका रुंद असतो हे अहिल्याबाईंना ठाऊक नव्हतं. आभाळही सगळंच्या सगळं दिसत होतं. लोक हात हलवत होते. त्यांनी पहिल्यांदा हलवला नाही, दुसऱ्यांदा हलवला.

“आई, सुनेत्रा म्हणाली, राहू दे बेडकी,” परीक्षित म्हणाला.

“धावली तर राहील असंच ठरलं होतं,” अहिल्याबाई म्हणाल्या. “तिचं बरोबर आहे.” हे वाक्य आपल्या तोंडून गेल्याचं त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं, पण वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं नसेल, अशी त्यांनी समजूत घातली.

मग त्यांनी आरशात पाहिलं. मागोमाग व्हॅन येत होती. सुनेत्रा चालवत होती, तिच्या शेजारी हॅरल्ड, ते ज्येष्ठ म्हणून पुढे. आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून, मांडीवर बिस्किटांचा चुरा घेऊन, मान वाकडी करून, त्र्यंबक जत्रा बघत होता.